वसई, नागासाकी, रोम: संत गोन्सालो गार्सियांना संतपद कसं मिळालं

फ्रान्सिस झेवियर १५५२ साली वारले आणि १६२२ साली संत म्हणून घोषित झाले. मध्ये सत्तर वर्षं गेली. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर मारले गेले आणि संत म्हणून घोषित झाले १८६२ साली. मध्ये गेली दोनशे पासष्ट वर्षं. दोघेही हिंदुस्थानातून जपानला गेलेले मिशनरी. झेवियर अंथरुणावर तापाने गेले, गार्सियांनी तर रक्त सांडलं. ख्रिस्तसभेच्या नियमांप्रमाणे रक्त सांडणाऱ्याची वाट जवळची असायला हवी होती. मग एवढा उशीर का झाला, आणि शेवटी हा मान मिळाला तो कोणामुळे, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आपल्याकडे तुकोबांना संत कोणी ठरवलं, असं कोणी विचारत नाही. लोकांनी अभंग गायले, पालखी निघाली, त्यातच सगळं आलं. कॅथलिक ख्रिस्तसभेतही सुरुवात अशीच होते. लोक आधी मानतात, थडग्यावर दिवे लावतात, नवस बोलतात. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यापुढे एक चौकशी उभी राहिली. १५८८ साली पोप सिक्स्तस पाचवे यांनी त्यासाठी रोममध्ये खास खातं काढलं. पुढे पोप उर्बन आठवे यांनी १६२५ आणि १६३४ साली नियम घट्ट केले: रोमच्या परवानगीशिवाय कोणाचीही जाहीर भक्ती करायची नाही. म्हणजे लोकांची साक्ष हवीच, पण ती कागदावर, शपथेवर. गोन्सालो गार्सियांचं प्रकरण नेमकं या बदलाच्या ऐन मध्यावर रोमला पोहोचलं.

वसईचा मुलगा

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी, साधारण १५५७ च्या सुमारास, गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईतल्या जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या, धर्मगुरूंच्या हाताखाली मुलगा शिकला, आणि पंधरा वर्षांचा असताना फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांच्याबरोबर जपानला निघाला.

जपानमध्ये त्यांनी जी गोष्ट कमावली तिच्यावर पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं: जपानी भाषा. युरोपातून येणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं घालवूनही जी नीट येत नसे, ती या वसईच्या पोराला कोवळ्या वयात आली. सुमारे आठ वर्षं ते जेझुइटांबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबले. त्यांना त्या संघात ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेला व्रतधारी बंधू, म्हणून प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही.

इथे थोडं थांबायला हवं. त्या काळात पूर्वेकडच्या जेझुइट कामाचे निरीक्षक होते अलेस्सांद्रो वालिन्यानो. जपानी माणसांना संघात घ्यावं असा आग्रह धरणारा हा दूरदृष्टीचा माणूस, पण हिंदुस्थानातले लोक आणि मिश्र रक्ताचे लोक यांच्या बाबतीत त्याचं मत उलट होतं. पॉल मिकीसारख्या जपानी तरुणासाठी जे दार उघडलं, ते अशा हवेत वसईच्या मिश्र रक्ताच्या तरुणासाठी उघडणं कठीणच होतं. मला या प्रकरणातली ही सगळ्यात दुखरी जागा वाटते. आठ वर्षांची सेवा, भाषेवर प्रभुत्व, आणि तरीही उंबरठ्याबाहेर.

गोन्सालो कडवट झाले नाहीत. त्यांनी व्यापार सुरू केला आणि त्यात त्यांचा जम बसला. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समधल्या मनिलाला जाऊन-येऊन असत. तिथे फ्रान्सिसकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या बंधूंशी ओळख झाली, आणि चालता धंदा सोडून त्यांनी त्या संघाचा जाडाभरडा झगा अंगावर घेतला. ते धर्मगुरू झाले नाहीत. स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची सेवा करणारे साधे ब्रदर झाले आणि शेवटपर्यंत ब्रदरच राहिले.

दुभाषा

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानकडे वकिलात पाठवली. प्रमुख होते फादर पेद्रो बाप्तिस्ता. दुभाषा म्हणून बरोबर गोन्सालो. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी तेव्हा कोरियावरच्या स्वारीसाठी क्यूशू बेटावरच्या नागोया इथे तळ देऊन होता. त्याला फिलिपिन्सकडून मांडलिकीची कबुली हवी होती. बंधूंना हवी होती राहायची परवानगी. या दोन टोकांमध्ये एकच जीभ होती आणि ती वसईची होती.

परवानगी मिळाली. राजधानी मियाकोत, म्हणजे आजच्या क्योतोत, जागाही मिळाली. तिथे त्यांनी चर्च आणि मठ बांधला, आणि रुग्णालयं काढली. त्यात कुष्ठरोग्यांना ठेवून घेतलं जात असे. ज्यांना रस्त्यावर कोणी शिवत नसे त्यांच्या जखमा हे बंधू धूत. पुढे जे सतरा गृहस्थ त्यांच्याबरोबर मरायला निघाले, त्यातले कित्येक याच मठात आणि रुग्णालयात काम करणारे होते.

पण एक गोष्ट कागदावर होतीच. १५८७ साली हिदेयोशीने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. तो कडकपणे अंमलात आला नव्हता. जेझुइट गुपचूप, साधेपणाने वावरत होते. फ्रान्सिसकन मात्र झगा घालून, घंटा वाजवून, उघड काम करत होते. जेझुइटांना हा अविचार वाटे, फ्रान्सिसकनांना ती निष्ठा वाटे. आजही हे प्रकरण वाचताना दोन्ही बाजू समजून घेता येतात.

गलबत फुटलं

ऑक्टोबर १५९६. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं 'सान फेलिपे' हे मालाने गच्च भरलेलं स्पॅनिश गलबत वादळात सापडून शिकोकू बेटाच्या तोसा प्रांतात किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. गलबताच्या सुकाणूवाल्याने स्पेनच्या राज्याचा नकाशा दाखवला आणि आधी धर्मगुरू जातात, मग फौजा येतात, असं काहीसं बोलून गेला, असा आरोप झाला. स्पॅनिशांचं म्हणणं वेगळं: आमच्याविरुद्ध हिदेयोशीचे कान पोर्तुगीजांनी आणि जेझुइटांनी भरले. हे दोन आरोप पुढे पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या तोंडावर फेकले गेले.

डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो आणि ओसाका इथे पहारे बसले. यादीत सहा फ्रान्सिसकन: पेद्रो बाप्तिस्ता, मार्तिन, फ्रान्सिस्को ब्लांको, फ्रान्सिस्को दे सान मिगेल, गोन्सालो, आणि त्याच फुटलेल्या गलबतातून आलेले मेक्सिकोचे तरुण फेलिपे. ओसाकातल्या घरातून तीन जेझुइट: पॉल मिकी, जॉन सोआन, जेम्स किसाई. बाकीचे जपानी गृहस्थ, आणि त्यांत तीन मुलगे. लुई इबाराकी बारा वर्षांचा, अँथनी तेरा वर्षांचा, थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. मथियास नावाच्या माणसाला शिपाई हाका मारत होते, तो घरी नव्हता. शेजारचा दुसरा मथियास पुढे आला, म्हणाला माझंही नाव तेच आणि मीही ख्रिस्ती. त्यालाच नेलं.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता, तो एका अधिकाऱ्याने सौम्य केला. गाड्यांवर बसवून क्योतो, ओसाका, साकाई इथे धिंड काढली, आणि मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत जवळपास महिनाभर चालवत नेलं. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे ख्रिस्ती आपणहून सोबत राहिले आणि त्यांनाही बांधलं. चोविसांचे सव्वीस झाले.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीतल्या पोर्तुगीजांनी विनंती केली की गुन्हेगारांना मारतात त्या जागी यांना मारू नका. म्हणून निशिझाका टेकडीवर, रस्त्यापलीकडच्या गव्हाच्या शेतात क्रूस मांडले गेले. आख्यान सांगतं की गोन्सालो सरळ एका क्रूसाकडे गेले आणि विचारलं, "हा माझा का?" नाही म्हणाले. दुसऱ्याकडे नेलं, तिथे गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली. मग दोन्ही बाजूंनी भाले. गर्दीने पहारा मोडून आत घुसून फडकी, कपडे रक्तात भिजवून घेतले. शवं कित्येक महिने तशीच क्रूसावर ठेवली होती.

संतपदाची गोष्ट सुरू होते ती त्या फडक्यांपासून. मराठी ख्रिस्ती भाषेत अशा मरणाऱ्याला रक्तसाक्षी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच आहे, त्यामुळे हा शब्द मला फार नेमका वाटतो. ज्यांनी रक्ताने साक्ष दिली त्यांच्यासाठी आता जिवंत माणसांनी शब्दाने साक्ष द्यायची होती.

साक्षी आणि हरकती

साक्षीदारांची वाण नव्हती. जपानात तीस वर्षांहून अधिक काळ घालवलेले म्हातारे जेझुइट लुईस फ्रॉइस नागासाकीत होते. त्यांनी आठवड्याभरात लिहायला घेतलं, मार्चमध्ये वृत्तान्त पुरा केला आणि त्याच वर्षी ते वारले. फ्रान्सिसकन मार्सेलो दे रिबादेनेइरा बंदरातल्या पोर्तुगीज जहाजावर अडकवलेले होते. त्यांनी लिहिलेला इतिहास १६०१ साली बार्सिलोनात छापला गेला. मनिला आणि मकाव इथे जबान्या झाल्या. चौदा वर्षांच्या थॉमसने वाटेवर आईला लिहिलेलं पत्र त्याच्याबरोबर मारल्या गेलेल्या बापाच्या अंगावर, रक्ताने भिजलेलं सापडलं. पुरावा म्हणून याहून काय हवं?

तरीही हरकती होत्या, आणि त्या फालतू नव्हत्या. पहिली हरकत आज्ञाभंगाची. १५८५ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी जपानचं काम फक्त जेझुइटांकडे दिलं होतं. म्हणजे पोपच्या आज्ञेविरुद्ध हे बंधू जपानात होते, असं जेझुइट म्हणत. फ्रान्सिसकन उत्तर देत की पुढच्याच वर्षी सिक्स्तस पाचवे यांनी फिलिपिन्सच्या आमच्या प्रांताला पूर्वेकडे जायची मुभा दिली आहे. दोघांकडेही शिक्क्याचे कागद होते. आज्ञा मोडून मेलेला माणूस रक्तसाक्षी कसा, हा प्रश्न १६०० पर्यंत टोकदार होता. त्या वर्षी क्लेमेंट आठवे यांनी इतर संघांना जपानचं दार थोडं उघडलं आणि १६०८ साली पॉल पाचवे यांनी ते पूर्ण उघडलं. एकदा सगळ्यांनाच परवानगी मिळाल्यावर त्या हरकतीतला दम गेला.

दुसरी हरकत अधिक खोल. हे लोक श्रद्धेसाठी मेले की राजकारणासाठी? ख्रिस्तसभेचा कस असा: मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलेलं असावं आणि मरणाऱ्याने ते मरण मनाने स्वीकारलेलं असावं. जप्त माल, संशयित हेर, स्पेन-पोर्तुगालचं वैर, एवढं सगळं असताना पहिली अट पुरी होते का?

माझ्या मते इथे सगळ्यात मोठी साक्ष खुद्द हिदेयोशीने दिली. धिंडीपुढे एका फळ्यावर शिक्षेचं कारण लिहून नेलं जात होतं. त्याचा आशय फ्रॉइस यांनी नोंदवला आहे: हे लोक फिलिपिन्सहून वकील म्हणून आले, मियाकोत राहिले आणि मी इतकी वर्षं सक्त मनाई केलेला ख्रिस्ती धर्म शिकवत राहिले, म्हणून त्यांना आणि तो धर्म स्वीकारलेल्या जपान्यांना मृत्युदंड. शेवटचे शब्द पाहा. स्वयंपाकी, सुतार, बारा वर्षांचा मुलगा यांचा गलबताशी, नकाशाशी, स्पेनच्या राजाशी काय संबंध? त्यांच्यावर आरोप एकच, धर्म स्वीकारल्याचा. ते सतरा जपानी गृहस्थ नसते तर परदेशी बंधूंवरचा हेरगिरीचा डाग पुसणं फार अवघड गेलं असतं. गोन्सालो गार्सिया संत झाले त्यात त्या सुतार-स्वयंपाक्यांचा वाटा आहे, हे वसईकरांनी आवर्जून लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

दुसरी अट, मनाने स्वीकारल्याची, तर वाटेवर शंभरदा सिद्ध झाली होती. शिक्षेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने लहान लुईला सांगितलं, धर्म सोड आणि सुट. तो सुटला नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याशिवाय हा खटला कदाचित दोन संघांच्या भांडणात कुजला असता: मेलेल्यांत तीन जेझुइट होते. ते नसते तर जेझुइटांना फ्रान्सिसकनांच्या या प्रकरणाला पाठिंबा द्यायचं काही कारण नव्हतं. आता दोघांनाही आपापली माणसं वेदीवर हवी होती. गोन्सालोंना उंबरठ्यावर थांबवणारा संघ आणि आत घेणारा संघ, दोघांनाही रोमकडे एकाच दिशेने चालावं लागलं.

तरी वाटा वेगळ्याच ठेवल्या. सप्टेंबर १६२७ मध्ये उर्बन आठवे यांनी फ्रान्सिसकनांचे तेवीस, म्हणजे सहा बंधू आणि त्यांच्याशी जोडलेले सतरा गृहस्थ, आणि जेझुइटांचे तीन यांना दोन निरनिराळ्या हुकुमांनी धन्य म्हणून मान दिला. धन्य हा संतपदाच्या अलीकडचा टप्पा. जगभर नाही, पण ठरावीक संघांत आणि ठिकाणी त्यांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करता येते. नियम सर्वांत कडक होत असतानाच तीस वर्षांत हे प्रकरण इथपर्यंत आलं, ही गती काही कमी नव्हती.

गावोगावच्या आठवणी

यानंतर जे झालं ते मला या अभ्यासात सर्वांत उद्बोधक वाटलं. सव्वीस जण एकत्र मेले, एकत्र धन्य झाले, पण प्रत्येक गावाने आपला एक उचलला. मेक्सिको शहराने फेलिपेंना उचललं. १६२९ पासून त्यांचा सण तिथे सुरू झाला आणि ते शहराचे आश्रयदाते झाले. त्यांच्या घरातल्या वाळक्या अंजिराच्या झाडाला त्या दिवशी पालवी फुटली, अशी दंतकथा तिथे अजून सांगतात. स्पेनमध्ये पेद्रो बाप्तिस्तांचं जन्मगाव त्यांना धरून राहिलं.

वसईला हे नीट जमलं नाही, कारण वसईचा इतिहासच मध्ये तुटला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. ती मराठ्यांच्या इतिहासातली मोठी झुंज होती, आणि इथल्या रयतेने पोर्तुगीज अंमलात सोसलेल्या धार्मिक जाचाचं ओझंही तिच्यामागे होतं. हे दोन्ही मनापासून मानूनच पुढचं सांगतो. पोर्तुगीजांबरोबर त्यांचे संघही गेले. फ्रान्सिसकनांचा मठ ओस पडला. आपल्या माणसाचा सण साजरा करणारे, रोमला पत्रं लिहिणारे, पैसा उभा करणारे हात वसईत उरले नाहीत. गावातल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी स्थानिक धर्मगुरूंच्या आधाराने श्रद्धा टिकवली, पण खटला चालवायला संघ लागतो.

तिकडे जपानने दारं लावून घेतली होती. १६१४ साली धर्मावर पूर्ण बंदी आली, १६३९ साली पोर्तुगीजांना हाकललं. हजारो ख्रिस्ती मारले गेले, उरलेले लपले. १७७३ ते १८१४ या काळात खुद्द जेझुइट संघच बरखास्त होता. असं प्रकरण रोमच्या कपाटात दोनशे वर्षं पडून राहिलं तर नवल नाही. झेवियरांच्या मागे तेव्हाचा जिवंत, श्रीमंत, धडाडीचा जेझुइट संघ होता, पोर्तुगालचा राजा होता, जुन्या गोव्यात दर्शनाला ठेवलेलं शव होतं. गोन्सालोंच्या मागे एवढं बळ कधीच उभं राहिलं नाही.

१८६२

कपाट उघडलं ते जपानमुळे. १८५३-५४ साली अमेरिकेच्या कमोडोर पेरीने जपानची बंदरं उघडायला लावली, १८५८ चे करार झाले, फ्रेंच मिशनरी परतले. ज्या देशात आता पुन्हा पाऊल ठेवायचं त्या देशाच्या रक्तसाक्षींना संत म्हणून मान देणं रोमला महत्त्वाचं वाटू लागलं.

दुसरं कारण इटलीतलं. पोप पायस नववे यांच्या ताब्यातला बहुतेक मुलूख १८६० साली गेला होता. ८ जून १८६२ रोजी, पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, दिवशी, संत पेत्राच्या मंदिरात सव्वीस जण आणि त्यांच्याबरोबर एक स्पॅनिश धर्मगुरू मिगेल दे लोस सांतोस यांना संतपद देण्यात आलं, तेव्हा जगभरातून जवळपास तीनशे बिशप जमले. दुसऱ्याच दिवशी पोपनी त्यांच्यापुढे काळाच्या चुकांवर भाषण केलं आणि बिशपांनी पोपच्या राज्यसत्तेला पाठिंबा देणारं निवेदन दिलं. म्हणजे त्या सोहळ्याला राजकीय अंग होतंच. त्याने सव्विसांच्या पावित्र्याला उणेपणा येतो असं मला वाटत नाही. दाणा पेरणारे निराळे असतात आणि पाऊस कधी पडेल ते त्यांच्या हाती नसतं.

आणि तीन वर्षांनी असं काही घडलं की १८६२ चा निकाल कागदाबाहेर आला. नागासाकीत फादर बर्नार पेतिजाँ यांनी ओउरा इथे सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने चर्च बांधलं, निशिझाका टेकडीकडे तोंड करून. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीच्या काही गावकऱ्यांनी त्या चर्चमध्ये येऊन फादरांच्या कानाशी सांगितलं की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. सात पिढ्या, धर्मगुरूंशिवाय, लपून त्यांनी श्रद्धा जपली होती. बंदी तेव्हाही होती. ती उठली १८७३ साली.

इतर मंडळ्यांमध्ये

रोमचा निकाल रोमला मानणाऱ्यांसाठी. पण या सव्विसांचा मान तेवढ्यावर थांबला नाही; रोमपासून वेगळ्या झालेल्या मंडळ्यांनीही त्यांना आठवणीत ठेवलं. इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीच्या दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला जपानच्या रक्तसाक्षींचं स्मरण आहे. जपानच्या अँग्लिकन मंडळीत, अमेरिकेतल्या एपिस्कोपल मंडळीत आणि तिथल्या इव्हँजेलिकल ल्युथरन मंडळीत ते ५ फेब्रुवारीला होतं.

इथे मान म्हणजे काय, हे जरा वेगळं समजून घ्यावं लागतं. ल्युथरन मंडळ्यांनी १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनातच, ठरवून टाकलं होतं: संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या श्रद्धेचं अनुकरण करावं, पण त्यांचा धावा करू नये. त्यामुळे तिथे चमत्कारांची चौकशी नाही, धन्य आणि संत असे टप्पे नाहीत. मंडळीची सभा एक नाव दिनदर्शिकेत घालते आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी देवाचे आभार मानले जातात. फ्रान्सिसकन आणि जेझुइट ज्या वादात वर्षानुवर्षं अडकले, त्याचं या मंडळ्यांना काही ओझं नव्हतं. एका घावासरशी सव्वीस जण सगळ्यांचे झाले.

पण नावं मात्र सहसा पुसली जातात. "जपानचे रक्तसाक्षी", बस. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९६९ च्या नव्या दिनदर्शिकेतही ६ फेब्रुवारीला "संत पॉल मिकी आणि सोबती" असं लिहिलं गेलं. ५ तारखेला संत अगाथा यांचा सण, म्हणून एक दिवस पुढे. जपानच्या भूमीतल्या, जपानी माणसाचं नाव पुढे असावं हे योग्यच झालं. फक्त वसईचा माणूस त्या "सोबती" या शब्दात लपला.

पुन्हा वसई

केरळच्या सिस्टर अल्फोन्सा २००८ साली संत झाल्या तेव्हा पहिल्या भारतीय संत कोण, ही चर्चा रंगली. काहींनी गोन्सालोंचं नाव काढलं, काहींनी त्यांचे वडील पोर्तुगीज म्हणून ते बाजूला ठेवलं. मला हा हिशेब पटत नाही. आई इथली, जन्म इथला, अक्षरओळख इथली. जिवंतपणी इथले म्हणूनच ते मागे ठेवले गेले असावेत, आणि मेल्यावर पोर्तुगीज म्हणून परके ठरवायचे, हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला का यावं?

वसईने स्वतःपुरता हा हिशेब केव्हाच मिटवला आहे. इथल्या एका महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. तो घरात आणि मिस्सेत मराठी, आपापली सामवेदी, वाडवळी बोलणाऱ्या माणसांचा. गासच्या चर्चला संत गोन्सालो गार्सियांचंच नाव आहे, आणि तिथला सण रोमच्या ६ फेब्रुवारीला अडून बसत नाही. तो होतो नाताळनंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी, चांदण्याच्या हिशेबाने. त्या मिस्सेत "सोबती" म्हणून नाही, नावाने हाक मारली जाते.

नागासाकीच्या टेकडीवर १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीला, शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी सव्वीस जणांचं ब्रॉन्झचं शिल्प उभारलं. लहान तिघे मोठ्यांच्या रांगेत, तेवढेच ताठ. त्यात वसईचे ब्रदरही आहेत. आणि इकडे वसईच्या किल्ल्यात, जेझुइटांनी सोळाव्या शतकात बांधलेलं येशूच्या पवित्र नावाचं चर्च उभं आहे. ज्या संघाने पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवलं, जपानला नेलं आणि मग आत घेतलं नाही, त्याचंच हे घर. लोक आता त्याला गोन्सालो गार्सियांचं चर्च म्हणतात.